खुर्चीखालची खूण

खुर्ची उलटी केली तेव्हा तिच्या पोटातून चिमूटभर पांढरी भुकटी घोंगडीवर सांडली.

मुंबईच्या एका संग्रहालयातून एक मुलगी साताऱ्याला माझ्या घरी आली होती. त्यांच्याकडे लाकडी सामानाचं नवं दालन होतंय. त्यात ही खुर्ची मधोमध ठेवायची, असं ठरलं आहे. मुलगी कामात नेटकी होती. आधी तिने खुर्चीचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले, मग मला विचारून घोंगडी अंथरली आणि खुर्ची हळूच पालथी घातली. बैठकीच्या पुढच्या पट्टीखाली तिने मोबाईलचा उजेड पाडला. जुनी लांबी, म्हणजे सुतार भेगा बुजवायला भरतात तो खडूचा लगदा, इतक्या वर्षांनी सुकून सुटला होता. त्याच्या मागे तीन तिरके घाव आणि शेजारी एक टिंब दिसत होतं. पटाशीने घातलेले, एका मापाचे, स्वच्छ घाव.

“सर, ही तुमची खूण का?”

या खुर्चीबद्दल मला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले गेले आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्याजवळ तयार असे. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

“नाही,” मी म्हणालो.

“मग कुणाची?”

“चहा घेणार ना तुम्ही?” मी विचारलं, आणि आत जाऊन उगाच बराच वेळ आधण उकळत ठेवलं.

जाताना तिने एक जाड कागदाचं कार्ड दिलं. खुर्चीशेजारी काचेत लावायचा मजकूर त्यावर होता. वस्तू, लाकूड, साल. शेवटचा रकाना रचनाकाराचा होता आणि त्यात माझं नाव आधीच टाईप केलेलं होतं. मी फक्त सही करून महिनाअखेरीपर्यंत पाठवायची होती. ते कार्ड आठ दिवस टेबलावर पडून राहिलं. त्या आठ दिवसांत मी पुष्कळदा सांगलीत जाऊन आलो, बसल्या जागी.

सांगली म्हटलं की मला अजून आधी वास येतो. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद वेगळी आणि पोत्यापोत्यांनी रचलेली हळद वेगळी. तिला कोरड्या मातीचा, किंचित कापराकडे झुकणारा वास असतो. हळदीच्या हंगामात तो पेठेवर अभ्रासारखा धरून राही. त्यात गुळाच्या ढेपांचा ओलसर गोड वास मिसळे. हमालांच्या पापण्या पिवळ्या असत. माझ्या सदऱ्याच्या कॉलरी पिवळ्या पडत आणि महिन्याकाठी साताऱ्याला गेलो की आई त्या साबणाने घासत म्हणे, “नवरदेवासारखा रंगून येतोस, पण लग्नाचं नाव काढत नाहीस.” सौदे चालत तिथे दोन माणसं रुमालाखाली हात धरून बोटांनी बोलत, आणि चेहरे असे की जणू दोघंही देवळात उभे आहेत. मी मुंबईच्या कलाशाळेतून शिकून आलेला चोवीस वर्षांचा तरुण. मला ते सगळं कुणीतरी मांडून ठेवलेल्या चित्रासारखं वाटे.

आमचा कारखाना हळदीच्या एका वखारीमागे होता. मालक जैन होते, सगळे त्यांना आण्णा म्हणत. शाळांची बाकं आणि कचेऱ्यांची टेबलं हे आमचं मुख्य काम. आण्णा सूर्य मावळायच्या आत जेवायचे. त्यामुळे संध्याकाळचं ऊन वखारीच्या पत्र्यावर चढलं की ते छत्री घेऊन उठत आणि जाता जाता मोठ्या करवतीचं बटण स्वतःच्या हाताने बंद करत. ती घरघर थांबली की एकदम नदीकडचा आवाज ऐकू येई. घाटावर कपडे आपटल्याचा, पाण्यात उतरलेल्या म्हशींना कुणी हाकारत असल्याचा. दिवसभर तो आवाज होताच, फक्त आम्हाला ऐकू येत नव्हता.

माझं काम या बाकं-टेबलांचे नकाशे काढायचं. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मी परदेशी मासिकांतली खुर्च्यांची चित्रं कापून चिकटवली होती. वाकवलेल्या लाकडाच्या, तीन पायांच्या, कागद दुमडावा तशा दिसणाऱ्या. एक दिवस नवीन आलेले मिस्त्री त्या भिंतीपुढे बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले.

“मास्तर, हितं मानसं बसत्यात का नुसतीच दाखवत्यात?”

हे दत्तू मिस्त्री. माण तालुक्यातले. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या करणारं घर. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्याकडचे बैल छावणीला गेले, निम्मे परतलेच नाहीत. मग गाडी करून घेणार कोण? म्हणून ते सांगलीला बाकं ठोकायला आले होते. अंगाने वाळके, वय पस्तिशीचं. इतर सुतारांच्या कानावर पेन्सिल असे, यांच्या कानावर काही नसे. त्यांच्याजवळ काठी होती.

त्या काठीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक कामाला ते निरगुडीची एक सरळ काठी घेत आणि तिच्यावर चाकूने खाचा पाडत. पहिली खाच पायाची, दुसरी बैठकीची, तिसरी पाठीची. सगळी वस्तू त्या काठीवर उतरलेली असे. काम पुरं झालं की काठी सुतळीने बांधून आढ्याला खोचायची. पुन्हा तसंच काम आलं की तीच काठी खाली काढायची. मी वैतागून म्हणे, “मिस्त्री, किती इंच ते सांगा ना.”

“इंच सायबाच्या पट्टीत आसत्यात. काठीत जागा आसती.”

मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी गावाहून वडिलांना आणलं. त्यांना सगळे आबा म्हणू लागले. आबांचे गुडघे गेले होते. दिवसभर ते आवारातल्या लाकडांच्या ढिगाला टेकून जमिनीवर बसत. बसलेले असताना रुबाबदार दिसत. पांढऱ्या मिशा, फेटा, हातात तंबाखूची पिशवी. पण उठायची वेळ आली की बघवत नसे. आधी कुशीवर व्हायचं, मग एक हात जमिनीला, एक भिंतीला, आणि मग तोंडातून एक बारीक आवाज. तो आवाज आला की दत्तू मिस्त्रींचा रंधा थांबायचा. आण्णांनी एकदा कचेरीतली खुर्ची बाहेर पाठवली. आबा तिच्यावर दहा मिनिटं बसले आणि उतरले.

“का ओ आबा, टोचली काय?” आण्णांनी विचारलं.

“टोचली न्हाई. पर उच्चावर बसून खालच्या मानसाशी बोलायचं म्हंजे मान खाली घालाया लागती. गुन्हेगारागत वाटतंय.”

आवाराच्या भिंतीचं काम निघालं होतं, त्यासाठी नदीची वाळू आणून टाकली होती. एका सकाळी दत्तू मिस्त्रींनी त्या ढिगावर दोन बादल्या पाणी ओतलं, वर गोणपाट टाकलं आणि वडिलांना दोन्ही काखांत धरून त्यावर बसवलं.

“रेला मागं. आजून. आता हलू नगा.”

“न्हाई हलत. पर बुडाला गार लागतंय की रं.”

“लागू द्या. उनाळा हाय.”

सगळा कारखाना हत्यारं टाकून बघायला जमला. पॉलिशवाल्याने विचारलं, “काय मिस्त्री, म्हाताऱ्याचा साचा काढताय काय?”

“व्हय. आसा दुसरा मिळायचा न्हाई.”

आबा हसले तेव्हा वाळू हलली, म्हणून मिस्त्री त्यांच्यावरच रागावले. आबांना उठवल्यावर वाळूत एक खळगा राहिला. पाठीचा, मांड्यांचा, थोडा डावीकडे झुकलेला. मिस्त्री त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि विहिरीत पाणी किती आहे ते बघावं तसे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी काठी त्या खळग्याला लावली आणि पहिली खाच पाडली. त्यानंतर आबांना दोन फळ्यांच्या मध्ये बसवून पुन्हा पुन्हा उठायला लावलं. उठताना त्यांचे तळवे कुठे रेटतात ते पाहिलं आणि तिथे आणखी दोन खाचा पाडल्या.

खुर्चीचं लाकूड गावाहून आलं, एसटीच्या टपावरून. आबांनीच तरुणपणी केलेली एक गाडी मोडून पडली होती, तिच्या बाभळीच्या दांड्या. वंगण पिऊन काळ्या झालेल्या. रंधा फिरवला की आतून तांबूस, मधासारखा रंग निघे आणि जुन्या तेलाचा वास सुटे. मिस्त्रींनी एकही खिळा वापरला नाही. चाकात आरे बसवतात तसे पाय बैठकीत बसवले. बैठक घायपाताच्या दोराने विणली, बाज विणतात तशी. खुर्ची बुटकी होती. तिचे हात बैठकीच्याही वीतभर पुढे आलेले होते, रेटून उठण्यासाठी. त्यामुळे लांबून पाहिलं की एखादं जनावर पुढचे पाय पसरून निवांत बसल्यासारखी दिसे.

आबा तिच्यात बसले. तळवे टेकून उठले. तोंडातून आवाज आला नाही. पुन्हा बसले, पुन्हा उठले. असं चार-पाच वेळा झालं. मग त्यांनी खुर्चीच्या पुढे आलेल्या हातांकडे पाहिलं आणि लेकाला विचारलं, “समदं झ्याक हाय, पर ह्याला जू कुठं लावायचं?”

मी माझ्या भिंतीवरची चित्रं दोन वर्षं पाहत होतो. तशी वस्तू माझ्यासमोर, लाकडाच्या भुशात, वाळूच्या ढिगाशेजारी उभी होती. आणि ती मी केलेली नव्हती.

त्याच महिन्यात मुंबईच्या एका प्रदर्शनाचं पत्र आलं. नव्या पद्धतीच्या लाकडी सामानाचे नमुने आणि नकाशे मागवले होते. आण्णा म्हणाले, “पाठवा की ओ मास्तर, आपलं काय जातंय.” मी मिस्त्रींना त्याच काठीवरून दुसरी खुर्ची करायला सांगितली. उरलेल्या बाभळीत ती बसली. ती तयार झाल्यावर मी तीन संध्याकाळी बसून तिची मापं घेतली आणि पारदर्शक कागदावर शाईने नकाशा काढला. आजवर जिथे जिथे या खुर्चीचा उल्लेख झाला, तिथे असं लिहिलं गेलं की आधी नकाशा झाला आणि एका स्थानिक कारागिराने त्यावरून खुर्ची बनवली. ते उलट आहे. आधी वाळूतला खळगा, मग काठी, मग खुर्ची. नकाशा सगळ्यांत शेवटी.

प्रदर्शनाच्या अर्जात रचनाकाराचा रकाना होता. त्यात मी माझं नाव लिहिलं. पुढे एका भाषणात मी सांगितलं होतं की मी मिस्त्रींना विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, “आवं, त्याला कुठं नाव आसतंय?” हे वाक्य त्यांचंच आहे. पण ते शाळेच्या बाकांबद्दल होतं आणि वेगळ्याच एका दिवशीचं होतं. खुर्चीबद्दल मी त्यांना कधीच विचारलं नाही.

विचारायची गरजही नव्हती, कारण त्यांनी आपलं उत्तर आधीच खुर्चीवर कोरून ठेवलं होतं. माणातला गाडी करणारा सुतार आपली खूण गाडीच्या पोटाखाली घालतो. गाडी विकत घेणारा बाजारात आधी खाली वाकतो. मिस्त्रींनीच मला हे कौतुकाने सांगितलं होतं. “वरनं समद्या गाड्या सारख्याच दिसत्यात, मास्तर. खाली वाकंल त्यालाच कळतंय कुणी केलीया.” तीन घाव आणि एक टिंब, ही त्यांच्या घराची खूण. मुंबईला जायच्या खुर्चीखाली ती होती.

खुर्ची रवाना व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला नदीकडच्या चिंचेखाली गेले होते. मी खडूच्या भुकटीत जवसाचं तेल घातलं, लांबी मळली, खुर्ची पालथी केली आणि अंगठ्याने ते घाव भरले. एकेक, नीट. वरून काचकागद फिरवला आणि लाकडाच्या रंगाचा हात दिला. का केलं, हे मी स्वतःला बऱ्याच पद्धतींनी समजावलं आहे. ते इथे लिहीत नाही, कारण त्यातलं कोणतंही खरं असेलच असं नाही. केलं, एवढं खरं आहे. जवसाच्या तेलाचा वास आला की मी अजून रंगाच्या दुकानातून काही न घेता बाहेर पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनीच खुर्चीला गोणपाट गुंडाळलं. दोर खालून घेताना त्यांचा हात पट्टीखाली गेला आणि थांबला. बोटं एकदा डावीकडून उजवीकडे गेली, एकदा परत आली. मग त्यांनी दोर ओढून गाठ मारली.

“लांबी बरी बसलीया, मास्तर,” ते म्हणाले.

मी “हं” म्हणालो. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

खुर्ची मुंबईत गाजली. वर्तमानपत्रात फोटो आला. आण्णांनी पेढे वाटले, पहिला मला आणि दुसरा मिस्त्रींना. मग सागवानातल्या खुर्च्यांच्या मागण्या येऊ लागल्या. हॉटेलं, दवाखाने, वकिलांचे दिवाणखाने. भिंतीवरची चित्रं मी काढून टाकली. तिच्या बुटकेपणावर लोकांनी लिहिलं, पुढे आलेल्या हातांवर लिहिलं. बैठकीची उंची तीनशे ब्याऐंशी मिलिमीटर का, तीनशे ऐंशी का नाही, यावर मी स्वतः विद्यार्थ्यांपुढे तासभर बोललो आहे. भारतीय बसण्याचा अभ्यास, असं काहीतरी. ती एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याची उंची होती.

सागवानातल्या खुर्च्याही मिस्त्रीच करत, त्याच काठीवरून. त्यांच्याखाली त्यांनी खूण घातली नाही. मी वाकून पाहिलं होतं.

पावसाळा गेला, नवरात्र आलं. खंडेनवमीला सुतार हत्यारांना हात लावत नाहीत. करवतीच्या दातांना हळदकुंकू, रंध्याला झेंडूचा हार, सगळी हत्यारं पाटावर मांडलेली. त्या दिवशी कारखान्यात कसलाच आवाज नसे. झेंडूचा, उदबत्तीचा आणि भुशाचा वास, आणि पत्र्यावर फिरणारी कबुतरं. दसऱ्याच्या सकाळी हत्यारं उचलतात ती कामाला लागण्यासाठी. दत्तू मिस्त्रींनी आपली उचलली आणि पोत्यात भरली. एसटीच्या टपावर आबांची खुर्ची बांधली. मला आपट्याचं पान दिलं, पाया पडायला वाकल्यासारखं केलं, तेव्हा मी त्यांचे हात धरले.

“परत कधी?”

“बघू,” म्हणाले. खिडकीतून आबांनी हात हलवला.

प्रदर्शनातून परत आलेली खुर्ची मी घरी ठेवून घेतली. साताऱ्याला बिऱ्हाड केलं तेव्हा ती सोबत आली. बायको तिच्यात बसून कोथिंबीर निवडायची आणि म्हणायची, “आयुष्यात तुम्ही केलेली ही एकच उपयोगाची गोष्ट.” मी हसायचो. तिलाही मी सांगितलं नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली.

नवव्या दिवशी मी कार्ड खिशात घातलं आणि सांगलीची एसटी धरली. नुसतं ‘दत्तू मिस्त्री’ संग्रहालयात कसं लिहिणार? त्यांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही हेही इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कारखान्याच्या जागी आता दुचाकींचं दुकान आहे, काचेचं. आण्णा केव्हाच गेले. त्यांचा मुलगा हळदीचा व्यापार बघतो. त्याने बसवून घेतलं, चहा पाजला. “काका, जुनं सगळं दप्तर पुरात गेलं ओ,” तो म्हणाला. हळदीचा वास तेवढा होता, तोच.

राहता राहिली ती खूण. मी ती वहीच्या कागदावर काढली आणि बाजाराच्या दिवशी दहिवडीला, माण तालुक्याच्या गावी, गेलो. दत्तू सुतार म्हटलं की माणसं माना हलवत. “न्हाई बा. ह्या अंगाला कुणी दत्तू सुतार न्हाई.” शेळ्यांच्या बाजाराशेजारी चहाच्या टपरीवर घोंगडं पांघरलेले एक म्हातारबा बसले होते. त्यांच्यापुढे कागद धरला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब नेला.

“ही म्हादू सुताराची खूण हाय. आमच्या गाडीखाली व्हती.”

“म्हादू?”

“म्हादू. जाऊन वीसएक वर्सं झाली आसतील. लेक दिलीया रहिमतपूरला. सुमन. पेठंच्या मागं इचारा, कुनीबी दावंल.”

मला वाटलं, मिस्त्रींचा भाऊ असेल. तरी गेलो.

सुमनताई साठी ओलांडलेल्या. पडवीत सूप घेऊन घेवडा निवडत होत्या. त्यांच्या मागे दोन बुटक्या खुर्च्या होत्या. मी पायरीवरच थांबलो.

“कोन पायजे?”

“तुमचे वडील सांगलीला कामाला होते का? पंचाहत्तरच्या सुमाराला?”

“व्हते की. दादा व्हते दोन-तीन वर्सं.”

“तिथे एक दत्तू मिस्त्री होते…”

त्या हसल्या. “त्येच ते. आवं, तितं फाटकाजवळ बिल्ल्यांचा बोर्ड व्हता न्हवं? आधीचा दत्तू काम सोडून गेला, त्येचाच बिल्ला दादांना दिला. मग समदी दत्तूच म्हनाया लागली. दादा म्हनायचे, सांगलीत माज्या गळ्यात दुसऱ्याचं नाव घातलंया, त्यो दत्तू बिचारा आता कुठं आसंल कुनास ठाव.”

तो बोर्ड मला आठवला. खिळ्यांना अडकवलेले लाकडी बिल्ले, त्यांवर तेलरंगाने लिहिलेली नावं. माणूस बदलला तरी बिल्ला नव्याने रंगवायची पद्धत नव्हती. म्हणजे इतकी वर्षं मनात मी ज्या नावाने माफी मागत होतो, ते नावसुद्धा त्यांचं नव्हतं.

मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. अर्जातलं नाव, लांबी, भाषणं. त्या घेवडा निवडत राहिल्या. किडका दाणा डावीकडे, चांगला उजवीकडे. मी थांबलो तेव्हा दाण्यांचा आवाजही थांबला.

“दादांनी ह्यातलं काय सांगितलं न्हाई घरात. तुमचं नाव निघालं की एवडंच म्हनायचे, मास्तरचा हात चांगला. रेघ लय सरळ वडतो.”

मी त्यांच्या मागच्या खुर्च्यांकडे बोट केलं.

“दादांच्याच. ही माज्या सासूबाईंची. ती शेजारच्या तात्यांची. त्येंचा डावा खांदा पडला व्हता, म्हनून त्यो हात वर हाय. ते गेल्यावर हितं आनून ठिवली. ह्या गावात लय हायत. कुनाचं गुडघं गेलं की दादांना बोलवायचे. वाळू भिजवायची, बशवायचं, माप घ्यायचं.”

“सगळ्या वेगळ्या?”

“मानसं येगळी न्हवं?”

आबांच्या खुर्चीचं विचारलं. ती आबांबरोबर चितेवर गेली. गाडीचं लाकूड आहे, मला त्यावरूनच न्या, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी पुन्हा त्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं. मी एका माणसाचं माप घेऊन ते सगळ्या देशाला विकलं होतं. ज्यांना आबांचे गुडघे नव्हते, ते आबांच्या खळग्यात बसून वकिलाची वाट बघत होते. आणि ज्याला मी कारागीर म्हणत आलो, त्याने आपणहून तीच खुर्ची दुसऱ्या कुणासाठी कधी केली नव्हती.

मी कार्ड काढलं. माझ्या नावावर पेनाने आडवी रेघ ओढली. जाड, दोनदा.

“त्यांचं पूर्ण नाव सांगा.”

“म्हादेव धोंडिबा सुतार.”

मी लिहिलं. महादेव धोंडिबा सुतार. सुमनताईंनी पदराला हात पुसले, कार्ड घेतलं आणि ओठ हलवत वाचलं. मग रेघेवर बोट ठेवलं.

“हे खोडलंय त्ये तुमचं नाव?”

“हो.”

“का खोडलं?”

“खोटं होतं म्हणून.”

“आन्‌ त्यो नकाशा कुनी काढला व्हता?”

“मी.”

“समदा?”

“सगळा.”

त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. “मग तसं लिवा. दादांच्या नावाखाली. नकाशा ह्यांनी काढला म्हनून. दुसऱ्याचं घिऊन आमी काय करू?”

जागा थोडी होती. बारीक अक्षरात लिहावं लागलं. लिहून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा सगळं वाचलं, वरून खाली, आणि कार्ड परत दिलं.

“पेन हाय तवर तारीख बी घाला,” त्या म्हणाल्या, आणि सूप पुढ्यात ओढलं.

मी त्या दिवसाची तारीख घातली.